पॅनिक अटॅकच्या लक्षणांची भीती कशी घालवावी

पहिला पॅनिक अटॅक बहुतेकांना हार्ट अटॅकच वाटतो. छातीत धडधड, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या, दरदरून घाम, आणि "आता काही खरं नाही" अशी पक्की खात्री. घरचे रिक्षात घालून कॅज्युअल्टीत नेतात, ईसीजी निघतो आणि काही तासांनी डॉक्टर सांगतात, "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." अटॅक तिथे संपतो. मागे उरते ती पुढच्या अटॅकची वाट पाहणं. जिना चढल्यावर छाती जराशी धडधडली तरी हात नाडीवर जातो. उन्हात डोकं हलकं झालं की बसायला जागा शोधली जाते. हळूहळू लोकलची गर्दी, लिफ्ट, थिएटर, देवळातली रांग, एकट्याने घरी राहणं, सगळं आयुष्यातून बाद होत जातं.

हा लेख त्या वाट पाहण्याबद्दल आहे. धडधड कायमची बंद करायला तो शिकवणार नाही, कारण जिवंत माणसाचं हृदय अधूनमधून धडधडणारच. धडधडलं तरी चालेल, इथपर्यंत मात्र पोहोचता येतं. पॅनिकमधून बाहेर पडणारी माणसं याच वाटेने पडतात. ती वाट सोपी नाही, पण ठाऊक असलेली आहे, आणि तिच्या पायऱ्या घरच्या घरी समजून घेता येतात.

आधी तपासणी, एकदाच आणि नीट

"हे पॅनिक आहे" असं स्वतःचं स्वतः ठरवू नका. पहिल्यांदा असा त्रास झाला तर फिजिशियनकडे जाऊन पूर्ण तपासणी करून घ्या: ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. थायरॉइड वाढलेला असला, रक्त कमी असलं किंवा साखर उतरली तरी छाती धडधडते आणि हात कापतात. दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलमुळे आणि सर्दीच्या काही गोळ्यांमुळेही असं होतं. घेत असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा.

धडधड बटण दाबल्यासारखी एका क्षणात सुरू होऊन तशीच एका क्षणात थांबत असेल आणि ठोके दीडशेच्या वर जात असतील, तर तेही आवर्जून सांगा. हृदयाच्या विद्युत वहनातला एक दोष असा वागतो आणि पुष्कळदा पॅनिक समजून दुर्लक्षित राहतो. होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवत राहणारं छोटं यंत्र) लावून किंवा त्याच वेळी ईसीजी काढून तो पकडता येतो.

काही वेळा विचार करत बसायचंच नाही, थेट १०८ ला फोन करायचा. चालताना किंवा जिना चढताना येणारं आणि थांबल्यावर कमी होणारं छातीतलं दुखणं, दंड, जबडा किंवा पाठीकडे जाणारी कळ, खरोखर शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं. मधुमेह असणाऱ्यांना आणि स्त्रियांना हार्ट अटॅकमध्ये छातीत न दुखता नुसता दम, मळमळ किंवा थकवाही जाणवू शकतो. त्यामुळे चाळिशी उलटलेली असेल, मधुमेह किंवा बीपी असेल आणि लक्षण नवीन असेल, तर "गॅस झालाय" म्हणून ओवा खाऊन झोपू नका.

तपासण्या नॉर्मल आल्या, डॉक्टरांनी नीट पाहून पॅनिक असल्याचं सांगितलं, की तिथे थांबायचं. तिसरा कार्डिओलॉजिस्ट, चौथा ईसीजी, दर आठवड्याला इको असं सुरू झालं की तपासणीच आजाराचं इंधन होते. नॉर्मल रिपोर्टचा दिलासा दोन दिवस टिकतो आणि मग "त्यांच्याकडून काही सुटलं तर नसेल?" हा प्रश्न परत येतो. डॉक्टरांशीच ठरवून घ्या: कोणतं नवीन लक्षण आलं तर परत यायचं, आणि कोणतं आलं तर यायचं नाही. ते वहीत लिहून ठेवा.

शरीरात नेमकं काय चालतं

हा भाग सावकाश वाचा. अटॅकच्या वेळी माणूस ज्या ज्या गोष्टीला घाबरतो, तिला साधं शारीरिक कारण असतं.

धोका जाणवला की मेंदू ॲड्रिनलिन सोडायला लावतो. समोर वाघ असला तर पळता यावं, यासाठीची ही व्यवस्था. हृदय जोरात चालतं, कारण मांड्यांना आणि दंडांना रक्त हवं. त्वचेकडचं रक्त आत ओढलं जातं, म्हणून हातपाय गार पडतात आणि चेहरा पांढरा होतो. घाम येतो तो तापलेलं शरीर थंड ठेवायला. पचन थांबतं, म्हणून पोटात गोळा येतो, मळमळतं, शौचाला लागल्यासारखं वाटतं. स्नायू ताणले जातात, म्हणून पाय लटपटतात आणि बरगड्यांमधले स्नायू आखडून छातीत टोचतं. बाहुल्या मोठ्या होतात आणि उजेड डोळ्यांत खुपतो.

यात भर पडते ती वेगाने श्वास घेण्याची. पॅनिकमध्ये माणसाला वाटतं की हवा कमी पडतेय. वास्तविक तो गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. ऑक्सिजन पुरेसा असतो. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. तो घटला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, डोकं गरगरतं, आजूबाजूचं सगळं स्वप्नातल्यासारखं आणि दूरचं वाटायला लागतं. रक्ताचा आम्ल-अल्क तोल बदलून मोकळ्या कॅल्शियमचं प्रमाण खाली येतं आणि ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात. फार झालं तर बोटं वाकडी होऊन आखडतात. ते पाहून घरच्यांना फिट आली असं वाटतं. श्वास मंद झाला की काही मिनिटांत बोटं मोकळी होतात.

"मी चक्कर येऊन पडेन" ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. शुद्ध हरपायला सहसा रक्तदाब खाली जावा लागतो. पॅनिकमध्ये तो वर जातो. म्हणून गरगरलं तरी माणूस सहसा पडत नाही. रक्त किंवा इंजेक्शन पाहून भोवळ येणाऱ्यांचं वेगळं, त्यांच्यात रक्तदाब खरोखर घसरतो. "मला वेड लागेल" या भीतीचंही तसंच. सगळं अवास्तव वाटणं हा त्या वेळच्या श्वासाचा आणि भीतीचा परिणाम आहे, वेडाची सुरुवात नाही. "हृदय बंद पडेल" असं वाटत असेल तर आठवा, सिंहगड चढताना निरोगी माणसाचं हृदय तासभर जोरात धडधडत असतं आणि वर पोहोचल्यावर तोच माणूस पिठलं-भाकरी खातो. धडधड तीच असते, तिचा अर्थ तेवढा वेगळा लावला जातो.

हे दुखणं नवं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातले सैनिक छातीत धडधड आणि दम लागण्याची तक्रार घेऊन येत आणि तपासणीत त्यांच्या हृदयात दोष सापडत नसे. जेकब दा कोस्टा या डॉक्टरने १८७१ मध्ये त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं. पुढे १९८६ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी पॅनिकचं चक्र स्पष्ट मांडलं: शरीरात काहीतरी जाणवतं, त्याचा भयंकर अर्थ लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ॲड्रिनलिन वाढतं, ॲड्रिनलिनने लक्षण वाढतं, आणि वाढलेलं लक्षण "बघ, मी म्हणत होतो ना" असा पुरावा होऊन परत येतं. हे चक्र भयंकर अर्थ लावण्याच्या जागी तोडता येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या जागेवरच काम करतात.

अटॅक सुरू असताना

अटॅक साधारण दहा मिनिटांत शिखराला जातो आणि मग ओसरतो. ॲड्रिनलिन रक्तात फार वेळ टिकत नाही. दुसरी, तिसरी लाट येते ती पहिल्या लाटेला घाबरल्यामुळे. म्हणून या मिनिटांत करायचं काम कमी आहे, आणि न करायचं जास्त.

मनात स्पष्ट म्हणा, "हा पॅनिक आहे. ओळखीचा आहे. ओसरेल." एकदाच म्हणा. मंत्रासारखं पुटपुटत राहिलात तर तीही सुटकेची धडपड होते.

आहात तिथेच राहा. गाडी चालवत असाल तर मात्र सुरक्षित जागा पाहून बाजूला घ्या, आणि ओसरल्यावर पुढे निघा.

जबडा, खांदे आणि पोट सैल सोडा. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे कळेल: हातपाय झाडणारा पोरगा पाणी पितो, अंग सैल सोडणारा तरंगतो. लक्षणांना ढकलू नका, रोखू नका, त्यांच्याशी वाद घालू नका. छाती धडधडतेय, धडधडू दे. जमलं तर वर्णन करा: धडधड कुठे जाणवते, दहापैकी किती, आता वाढली की उतरली.

"दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला सगळेच देतात, आणि तो नीट समजून न घेता पाळला तर त्रास वाढतो. आधीच जास्त हवा घेणाऱ्याने आणखी मोठे श्वास घेतले की गरगर आणि मुंग्या वाढतात. श्वास घ्यायचाच असेल तर छोटा, नाकाने, आणि बाहेर सोडताना सावकाश. आत घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. तो त्रास खरोखर हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा असला तर पिशवी धोक्याची ठरते.

मग हातातलं काम पुढे चालू करा. भाजी चिरत होतात तर चिरा, मीटिंगमध्ये होतात तर ऐकत राहा. हात कापत असताना काम करता येतं, हा अनुभव कुठल्याही समजावण्यापेक्षा मोठा असतो.

खिशातल्या कुबड्या

खिशात सॉर्बिट्रेटची गोळी, पर्समध्ये घबराटीवरची अल्प्राझोलम, बोटाला ऑक्सिमीटर, मनगटावर ठोके दाखवणारं घड्याळ, पाण्याची बाटली, ग्लुकॉन-डी, दाराजवळचीच खुर्ची, बायकोला दर अर्ध्या तासाने फोन, प्रवासाआधी वाटेतली हॉस्पिटलं शोधून ठेवणं. यांच्यामुळे वेळ निभावते, म्हणून ती सोडवत नाहीत. नुकसान असं की अटॅक ओसरला तरी श्रेय बाटलीला किंवा फोनला जातं. "मी काही न करताही वाचलो असतो" हे शिकायची संधीच मिळत नाही.

सॉर्बिट्रेटबद्दल जरा जास्त बोलायला हवं. ती हृदयविकाराच्या रुग्णांना डॉक्टर देतात. ती रक्तवाहिन्या रुंदावते, रक्तदाब उतरवते, आणि त्यामुळे डोकं ठणकतं, भोवळ येते, हृदय आणखी जोरात धडधडतं. पॅनिकमध्ये कुणी शेजाऱ्याने जिभेखाली ठेवायला दिली तर नेमकी भीती वाटणारी लक्षणंच वाढतात. डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिलेली नसेल तर ती खिशात नको.

या कुबड्या एका दिवसात टाकू नका. यादी करा, सगळ्यात हलकी निवडा, आठवडाभर तिच्याशिवाय राहा. घड्याळाचं ठोके दाखवणं बंद करणं ही अनेकांसाठी चांगली सुरुवात असते. दिवसातून कितीदा मनगटाकडे बघत होतो ते त्यानंतरच लक्षात येतं. डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या मात्र या यादीत धरू नका, त्यांच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

लक्षणं मुद्दाम आणण्याचा सराव

माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. डेव्हिड बार्लो आणि मिशेल क्रास्क या मानसशास्त्रज्ञांनी पॅनिकवर जी उपचारपद्धत घडवली, तिचा हा गाभा: ज्या संवेदनेची भीती वाटते ती स्वतः, ठरवून, सुरक्षित जागी निर्माण करायची आणि तिच्यासोबत राहायचं.

हृदयविकार, दमा, अपस्मार, अनियंत्रित बीपी, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सराव करू नका. बाकीच्यांनीही पहिल्या एक-दोन वेळा मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकासमोर केला तर उत्तम.

धडधडीची भीती असेल तर जागच्या जागी एक मिनिट पळा किंवा जिना भराभर चढा. चक्कर येण्याची भीती असेल तर खोलीच्या मधोमध उभं राहून अर्धा ते एक मिनिट स्वतःभोवती फिरा, किंवा खुर्चीवर बसून डोकं गुडघ्यांमध्ये अर्धा मिनिट ठेवा आणि झटकन वर करा. श्वास कोंडण्याची भीती असेल तर नाक चिमटीत धरून ज्यूसच्या टेट्रापॅकची बारीक स्ट्रॉ तोंडात घ्या आणि तिच्यातूनच एक मिनिट श्वास घ्या. मुंग्या आणि अवास्तव वाटण्याची भीती असेल तर एक मिनिट मुद्दाम जोरजोरात श्वास घ्या. हे शेवटचं बहुतेकांना सगळ्यात अवघड जातं, कारण ते अटॅकच्या फार जवळ जातं. म्हणूनच ते सगळ्यात उपयोगी असतं.

वही घ्या. सरावाआधी लिहा: काय होईल असं वाटतंय ("मी पडेन"), आणि त्याची खात्री किती टक्के. सराव करा. थांबल्यावर लगेच पाणी पिऊ नका, आडवे होऊ नका, श्वास शांत करायला धावू नका. दोन मिनिटं संवेदना आहे तशी असू द्या. मग लिहा: खरोखर काय झालं. थोड्या वेळाने तोच सराव पुन्हा. एका बैठकीत तीन-चार वेळा, आठवड्यातले बरेचसे दिवस.

भीती शून्यावर यायला हवी, हा आग्रह धरू नका. "मी पडेन" याची खात्री ऐंशी टक्क्यांवरून दहावर आली की काम झालं, मग पोटात थोडी कालवाकालव का राहीना. एक सराव निरुपद्रवी वाटायला लागला की पुढचा घ्या. पुढे घराबाहेर करा, एकट्याने करा, कडक कॉफी घेऊन करा. शरीराला जितक्या वेगवेगळ्या परिस्थितींत हा अनुभव मिळेल, तितका तो पक्का होतो.

सोडलेल्या जागा परत मिळवणं

डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्या आणि डब्यात अटॅक आल्यापासून गाडी सोडून दिलेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. त्याने सोमवारी सकाळी थेट सीएसएमटीच्या फास्टमध्ये शिरायचं नाही. दुपारच्या कमी गर्दीत फलाटावर नुसतं उभं राहायचं, चार गाड्या जाऊ द्यायच्या. मग स्लो लोकलने एकच स्टेशन, कोपरपर्यंत. मग दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. सुरुवातीला कुणी सोबत असलं तरी चालेल, नंतर तो सोबती पुढच्या डब्यात, नंतर घरी. त्यानंतर ठाण्याहून थेट घाटकोपरला थांबणारी फास्ट, कारण त्यात मधेच उतरण्याची सोय नसते आणि भीती नेमकी तिचीच असते. सगळ्यात शेवटी ऐन गर्दीची वेळ.

प्रत्येक पायरी एकदा करून सोडू नका, कंटाळा येईपर्यंत करा. अटॅक आला आणि मधेच उतरावं लागलं तर घरी परतू नका, पुढच्या गाडीत बसा. मेंदूच्या लक्षात राहतं ते शेवटी काय केलं ते. सोबत पाण्याची बाटली, कानात फोन आणि दारातली जागा असं सगळं घेऊन केलेल्या प्रवासातून फार थोडं शिकायला मिळतं.

लिफ्ट असो, बोगदा असो, लग्नाचा हॉल असो, क्रम असाच लावायचा.

झोपेतून दचकून उठणं

काहींना अटॅक झोपेतच येतो. वाईट स्वप्न पडलेलं नसतं, तरी माणूस धडधडत उठून बसतो. असे अटॅक सहसा स्वप्नांच्या झोपेत येत नाहीत, हलकी झोप गाढ होत असतानाच्या टप्प्यात येतात. उपाय तेच. बाल्कनीत धावू नका, घरभर दिवे लावू नका, अंथरुणात बसून ओसरू द्या. अपुरी झोप, उशिराचा चहा, सिगारेट, आदल्या रात्रीची दारू आणि निर्जळी उपवास यांनी शरीर जास्त चाळवतं, म्हणून ते सांभाळा. घोरणं खूप असेल, झोपेत श्वास अडखळत असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या.

घरच्यांसाठी

"मनाचे खेळ आहेत", "कामधंदा नाही म्हणून होतं" हे कृपया बोलू नका. लक्षणं शरीरात खरोखर घडत असतात. कांदा फोडून नाकाला लावणं, तळपाय चोळणं, चौघांनी गराडा घालणं यानेही घबराट वाढते. एकाने शेजारी बसावं, आवाज नेहमीचाच ठेवावा आणि म्हणावं, "मी इथे आहे. ओसरू दे, मग चहा टाकू." दिवसातून दहा वेळा "मला काही होणार नाही ना?" असं विचारलं गेलं तर दहाही वेळा "नाही गं, काही होत नाही" म्हणणं प्रेमाचं असलं तरी तिचा त्रास लांबवतं. आधीच बोलून ठरवा: एकदा उत्तर द्यायचं, पुढच्या वेळी प्रेमाने म्हणायचं, "आपलं काय ठरलंय?"

औषधं आणि मदत

अटॅक पुन्हा पुन्हा येत असतील आणि महिनाभराहून जास्त काळ पुढच्या अटॅकची धास्ती राहिली असेल किंवा जगणं आक्रसलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं पॅनिकवर चांगली लागू पडतात, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता किंचित वाढू शकते, म्हणून डॉक्टर कमी डोसने सुरुवात करतात. हे आधी ठाऊक नसेल तर लोक चौथ्या दिवशी औषध सोडून देतात. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम तात्काळ आराम देतात आणि त्यामुळेच त्यांची सवय लागते. लक्षणं मुद्दाम आणण्याच्या सरावाआधी त्या घेतल्या तर शिकणंही अर्धवट राहतं. मात्र रोज घेत असाल तर एकदम थांबवू नका, ते धोक्याचं असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा.

समुपदेशक निवडताना विचारा, "तुम्ही पॅनिकसाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी उपचारपद्धत) करता का? लक्षणांचा सराव करून घेता का?" महाराष्ट्रात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे बऱ्याच वाचकांना ओळखीची आहे. त्या पद्धतीत तयार झालेल्या समुपदेशकांचाही उपयोग होतो, फक्त बोलण्यासोबत सरावही हवा.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीची सरकारी मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था इथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर हा फोन आजच करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

पुन्हा आला तर

चांगले महिने गेल्यावर, तापातून उठल्यावर, बाळंतपणानंतर, घरात कुणी गेल्यावर अटॅक परत येऊ शकतो. केलेलं सगळं वाया गेलं असं त्या दिवशी वाटतं. तसं नसतं. त्या आठवड्यात नवा ईसीजी काढायला जाऊ नका, डॉक्टरांशी ठरवलेल्या यादीतलं नवीन लक्षण असेल तरच जा. जुनी वही काढा, सगळ्यात अवघड गेलेला सराव कोणता होता ते बघा आणि त्याच संध्याकाळी तो पुन्हा सुरू करा. जी जागा टाळावीशी वाटतेय तिथे दोन दिवसांच्या आत जाऊन या.